दुहेरीची क्रमवारीही मोजा: खेळाडू साहाय्य निधीच्या विश्वस्तांना खुले पत्र

मा. विश्वस्त मंडळ आणि निवड समिती सदस्य,
सप्रेम नमस्कार.

टेनिसपटूंसाठी आपण यंदा जाहीर केलेली नियमावली मी नीट वाचली. अर्जदाराच्या पात्रतेत एक ओळ नव्याने आली आहे: 'टेनिससाठी केवळ एकेरीची क्रमवारी ग्राह्य धरण्यात येईल.' आजवर हे मुलाखतीत तोंडी सांगितलं जायचं. तोंडी होतं तोवर समजावून सांगायला वाव होता. आता ते छापलं गेलंय, म्हणून मीही लिहूनच उत्तर देते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं असं देते आहे.

मी ठाण्याची. नौपाड्यात वाढले, घरचे आता घोडबंदर रोडला राहायला गेलेत, सराव नवी मुंबईत. गेली काही वर्षं माझा व्यवसाय एकच आहे, महिला दुहेरीचं टेनिस. त्यातून खर्च भागत नाही, म्हणून संध्याकाळी मुलांना शिकवते. आपल्याकडे मी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला. तेव्हा या पत्रात माझा स्वार्थ आहेच, तो लपवत नाही. पण मी शिकवते त्या मुलींमध्ये एक-दोघी अशा आहेत की नेटजवळ त्यांचे हात बघत राहावेत. त्यांचे आईवडील मला विचारतात, "हिला दुहेरीत पुढे नेऊ या का?" आपली नियमावली वाचल्यावर मी त्यांना काय सांगायचं?

निधीचं नाव मी लिहिलेलं नाही आणि कोणा सदस्याचंही लिहिणार नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचा वेळ आणि पैसा घालून हा निधी उभा केला आहे, धावपटू आणि जलतरणपटूंना त्याचा झालेला उपयोग मी जवळून पाहिला आहे. माझी तक्रार नियमांबद्दल आहे.

माझ्या मुलाखतीत फाईल उघडल्यावर पहिला प्रश्न आला, "एकेरीत कितव्या आहात?" मी म्हटलं, एकेरी आता खेळत नाही, दुहेरीची क्रमवारी अर्जाला जोडली आहे. त्यावर एक सदस्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे एकेरी जमलं नाही." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर माझ्या खेळाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. माझा जोडीदार कोण, मी कोणत्या बाजूने रिटर्न घेते, वर्षभर कुठे खेळले, काहीच नाही. नोकरी करता का, लग्नाचं काय, एवढं विचारून फाईल मिटली.

न विचारलेल्या त्या प्रश्नांची उत्तरं इथे देते.

मी ॲड साइडला, म्हणजे कोर्टाच्या डाव्या बाजूला खेळते. त्यामुळे गेममधले बरेचसे निर्णायक रिटर्न माझ्याकडे येतात. ग्रँडस्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा सोडल्या तर व्यावसायिक दुहेरीत ड्यूसनंतर ॲडव्हांटेज नसतो. चाळीस-चाळीस झालं की एकच पॉइंट, आणि तो घेईल त्याचा गेम. रिटर्न कोणत्या बाजूने घ्यायचा हे समोरची जोडी म्हणजे रिटर्न घेणारे ठरवतात. या स्पर्धांत दोन्ही जोड्यांनी एकेक सेट घेतला तर तिसरा सेट होतच नाही, दहा गुणांचा टायब्रेक होतो. दीड तास चांगलं खेळून शेवटच्या दहा मिनिटांत सगळं हातचं जाऊ शकतं. एकेरीत वाईट सुरुवात भरून काढायला जेवढा अवधी मिळतो, तेवढा इथे मिळत नाही. त्यामुळे आमचा सरावच वेगळा असतो. एकेरीवाली बेसलाइनवरून वीस-वीस फटक्यांच्या रॅली करते. आम्ही सर्व्हिस, रिटर्न आणि पहिली व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), या तीन फटक्यांवर तासन्‌तास घालवतो. रिटर्न नेटवरच्या खेळाडूला चुकवून सर्व्हरच्या पायाशी खाली पडला पाहिजे. थोडा वर राहिला तरी समोरची मधे झेपावून तो संपवते. आमच्या भाषेत हे पोचिंग. आय फॉर्मेशनमध्ये सर्व्हरची जोडीदार नेटच्या मधोमध जवळजवळ बसलेली असते आणि सर्व्हिस पडताक्षणी डावी-उजवीकडे उठते. कोणत्या बाजूला, हे पाठीमागच्या बोटांच्या खुणेने आधी ठरलेलं. त्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवून रिकाम्या बाजूकडे धावायचं, हे शिकायला वर्षं लागतात. क्रिकेटसंघात यष्टिरक्षक निवडताना त्याला आधी जलद गोलंदाजी करून दाखव, असं कोणी म्हणत नाही. आमची निवड मात्र तशी होते.

आता अर्ज नाकारल्याच्या आपल्या पत्रातलं पहिलं कारण. 'दुहेरीतील यश जोडीदारावर अवलंबून असल्याने वैयक्तिक गुणवत्तेचे मूल्यमापन शक्य नाही,' असं मला कळवण्यात आलं. क्रमवारी कशी बनते ते कोणी पाहिलं असतं तर हे वाक्य लिहिलं गेलं नसतं. दुहेरीची जागतिक क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते. मी आज एकीबरोबर खेळले, पुढच्या महिन्यात दुसरीबरोबर, तरी गुण माझ्या नावावर जमतात आणि बावन्न आठवड्यांनी माझ्याच नावावरून उतरतात. जोडीदार बदलत जातात आणि क्रमवारी टिकते, तेव्हा ती कोणाच्या गुणवत्तेवर टिकते? लिअँडर पेसची पुरुष दुहेरीतली ग्रँडस्लॅम विजेतेपदं पाहा. ती आठ आहेत. महेश भूपतीबरोबर तीन, मग मार्टिन डॅमबरोबर 2006 ची अमेरिकन ओपन, लुकाश द्लौहीबरोबर 2009 मध्ये दोन, राडेक स्टेपानेकबरोबर 2012 ची ऑस्ट्रेलियन आणि 2013 ची अमेरिकन. मिश्र दुहेरीतली दहा वेगळीच, लिसा रेमंड, मार्टिना नवरातिलोवा, कारा ब्लॅक आणि मार्टिना हिंगिसबरोबरची. इतके जोडीदार बदलले, समान धागा एकच माणूस. यातून वैयक्तिक गुणवत्ता दिसत नसेल तर ती दिसणार तरी कशातून?

आणि भारताचं म्हणाल तर वरिष्ठ गटात भारतीयांनी जिंकलेली सगळी ग्रँडस्लॅम विजेतेपदं दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली आहेत. एकेरीत रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले होते, त्यापुढे आपलं कोणी गेलेलं नाही. पहिलं विजेतेपद महेश भूपतीचं, 1997 मध्ये फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत जपानच्या रिका हिराकीबरोबर. दोन वर्षांनी, 1999 मध्ये पेस-भूपती चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले आणि त्यातल्या दोन जिंकले. सानिया मिर्झा एकेरीत 27 व्या क्रमांकापर्यंत गेली. भारतीय मुलीसाठी तेही फार मोठं होतं. पण दुखापतींनी शरीर थकल्यावर तिने एकेरी सोडली, दुहेरीवर लक्ष दिलं आणि एप्रिल 2015 मध्ये जगात पहिली आली. त्याच वर्षी हिंगिसबरोबर विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन. त्या काळात या दोघी सलग 41 सामने हरल्या नव्हत्या. एकेरी सोडली त्या वर्षी सानियाने आपल्याकडे अर्ज केला असता, तर आजच्या नियमानुसार तो परत गेला असता. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कोणी म्हणेल, ऑलिंपिकमधलं आपलं टेनिसचं एकमेव पदक एकेरीचं आहे. खरं आहे. 1996 मध्ये अटलांटाला पेसने मिळवलेलं ते ब्राँझ मी कमी लेखत नाही. पण हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा आठवा. 2023 मध्ये तिथे भारताने टेनिसमध्ये दोन पदकं मिळवली, एक सुवर्ण, एक रौप्य. दोन्ही दुहेरीची. रौप्य रामकुमार रामनाथन आणि साकेत मायनेनीचं, आणि मिश्र दुहेरीचं सुवर्ण रोहन बोपण्णा आणि आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेचं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे 2014 च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर महिला दुहेरीचं ब्राँझ जिंकली आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला गेली, तीही दुहेरीतच. त्याच्याही आधी, 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसबरोबर पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर मुंबईचा. पुण्याचा अर्जुन कढे 2024 मध्ये ऋत्विक बोलिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपीचं, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतलं विजेतेपद जिंकला. पुण्यात बालेवाडीला एटीपीची स्पर्धा होत होती तेव्हा 2019 मध्ये बोपण्णा आणि दिविज शरण, 2022 मध्ये बोपण्णा आणि रामकुमार, आपल्याच मैदानावर आपलीच जोडी जिंकली. महाराष्ट्राला टेनिसमध्ये जे मिळालं त्यातलं बरंचसं दुहेरीतून आलं आहे. ठाण्या-नवी मुंबईतल्या मुलींसाठी मदत ठरवणाऱ्यांनी नेमकं तेच दार बंद करावं, हे मला मुळीच पटत नाही.

दुसरं कारण मला तोंडी सांगितलं गेलं. एकेरी खेळणारे दुहेरीही खेळतात, मग वेगळी मदत कशाला? एकेरीचे खेळाडू दुहेरी खेळतात हे बरोबर. काही उत्तमही खेळतात. पण 2025 च्या अमेरिकन ओपनमध्ये मिश्र दुहेरीचं काय झालं ते पाहा. स्पर्धा मुख्य आठवड्यांच्या आधी हलवली, सोळाच जोड्या घेतल्या, अंतिम सामना सोडून सेट चार-चार गेमचे केले, बक्षीस दहा लाख डॉलर ठेवलं. सगळी आखणी एकेरीतली मोठी नावं डोळ्यांपुढे ठेवून. दुहेरीवरच जगणाऱ्या बहुतेकांना जागाच उरली नाही. आणि जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, आदल्या वर्षीचे विजेते, अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेक आणि कास्पर रूडला हरवून. एरानी एके काळी एकेरीतही जगातल्या पहिल्या पाचांत होती, हे मान्य. पण ते दोघे तिथे जिंकले ते दुहेरीची जोडी म्हणून.

तसंही जगभर दुहेरी कोपऱ्यात ढकलली जाते आहे. विम्बल्डनला 2025 मध्ये एकेरीच्या विजेत्याला 30 लाख पौंड मिळाले, दुहेरीच्या जोडीला मिळून 6 लाख 80 हजार. दुहेरीचे सामने टीव्हीवर क्वचित दिसतात. या सगळ्यावर आपलं नियंत्रण नाही, माझंही नाही. पण आपल्या नियमावलीवर आपलं आहे.

आता खालच्या पायरीचं बोलते, कारण मी तिथे आहे आणि मदतीची गरज तिथेच असते. आंतरराष्ट्रीय टेनिसची सगळ्यात खालची स्पर्धा एकूण 15 हजार डॉलर बक्षिसाची असते. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या खेळाडूंत वाटला जातो. दुहेरीत विजेत्या जोडीला मिळून हजार डॉलरसुद्धा येत नाहीत. त्याचे दोन भाग करायचे, त्यातून त्या देशाचा कर कापला जातो. एवढ्या पैशांत मुंबईहून जाण्यायेण्याचं तिकीटही निघत नाही, हॉटेल तर सोडाच. म्हणून आम्ही मोनास्तिर, अंताल्या, शर्म अल-शेख अशा ठिकाणी जातो, जिथे एकाच जागी लागोपाठ आठवडे स्पर्धा असतात आणि एका तिकिटात तीन-चार खेळता येतात. रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं), फिजिओ, व्हिसा, बूट हे वेगळंच. एकेरीतली मुलगी पात्रता फेरीपासून खेळत आठवड्याला चार-पाच सामने मिळवू शकते. मी मंगळवारी हरले तर माझा आठवडा मंगळवारी संपतो, पण खोलीचं भाडं रविवारपर्यंत चालू.

या पार्श्वभूमीवर आपले बाकीचे नियम वाचा.

वयाची अट. टेनिससाठी कमाल वय आपण 23 ठेवलं आहे. बहुधा सगळ्या खेळांसाठी एकच तक्ता बनवला असावा. दुहेरीत शरीराच्या वेगाइतकंच नजरेचं आणि निर्णयाचं वजन असतं आणि ते उशिरा येतं. बोपण्णा 2010 मध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत ऐसाम-उल-हक कुरेशीच्या जोडीने खेळून हरला. पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँडस्लॅम त्याला 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅथ्यू एब्डनबरोबर मिळालं, वयाच्या 43 व्या वर्षी, आणि त्याच वेळी तो जगात पहिला आला. त्या वयात पहिल्यांदा पहिला येणारा दुसरा कोणी नाही. युकी भांब्री 2009 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता, एकेरीत 83 वा क्रमांक 2018 मध्ये, मग दुखापती, मग दुहेरी. अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत तो मायकल व्हीनसबरोबर पोचला 2025 मध्ये, तिशी ओलांडल्यावर. दुहेरीचा खेळाडू 23 व्या वर्षी जेमतेम उभा राहत असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला निरोप देता.

रहिवासाची अट. माझ्या अर्जाला उत्तर देताना आपण असंही लिहिलंत की दुहेरीचा विचार भविष्यात झालाच, तर दोन्ही खेळाडू ठाणे किंवा नवी मुंबईचे रहिवासी असावे लागतील. ही अट ज्यांनी सुचवली त्यांना व्यावसायिक दुहेरी कशी चालते हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. स्पर्धेच्या यादीत जागा मिळते ती दोघींची क्रमवारी एकत्र करून. माझी क्रमवारी कमी पडत असेल तर मला माझ्याहून वरच्या मुलीला गाठावं लागतं, मग ती चेन्नईची असो, तैवानची असो की कझाकस्तानची. दोघींच्या खेळाचा मेळ बसावा लागतो, दोघींना तो आठवडा मोकळा असावा लागतो. कोणाचा खांदा दुखावला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. "पुढच्या आठवड्यात कोणाबरोबर खेळते आहेस?" असे निरोप पाठवण्यात आमचा किती वेळ जातो, हे दुहेरी खेळणाऱ्या कोणालाही विचारा. ऐरोलीच्या मुलीला कोपरखैरणेच्याच जोडीदाराबरोबर खेळ म्हणणं म्हणजे तिला घरी बसवणं आहे. मदत मला करा, माझ्या जोडीदाराला नको. क्रमवारी जशी माझ्या एकटीची आहे, तशी मदतही माझ्या एकटीची असू द्या.

बिलांची अट. एकेरी-दुहेरी सगळ्यांनाच ही जाचते, पण आम्हाला जास्त. दौऱ्याच्या महिनाभर आधी संपूर्ण कार्यक्रम मंजूर करून घ्यायचा, खर्च स्वतः करायचा, परत आल्यावर मूळ बिलं द्यायची, आणि मंजूर कार्यक्रमात बदल झाला तर परतावा नाही. दुहेरीत जोडीदार बऱ्याचदा आदल्या आठवड्यात ठरतो. दोघींची मिळून क्रमवारी एका यादीत बसली नाही तर दुसऱ्या स्पर्धेला जावं लागतं. कार्यक्रम बदलतोच. आणि ज्या घरात आधी खर्च करायला पैसे आहेत, त्या घराला आपल्या मदतीची निकड कमी. जिच्याकडे नाहीत ती मुलगी तिकीटच काढू शकत नाही, मग बिल कुठून आणेल? माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून माझी तिकिटं काढली आहेत. सगळ्यांच्या वडिलांना ते शक्य नाही.

कोर्टांबद्दल थोडं. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे उघड्या कोर्टांवर खेळ जवळपास बंद असतो. सकाळी पाऊस थांबला तर आम्ही वायपरने पाणी लोटून तासभर मिळतो का बघतो. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांमध्ये कोर्टं आहेत, पण ती रहिवाशांसाठी, बाहेरच्या चौघी आत येऊ शकत नाहीत. बाकीच्या कोर्टांवर पिकलबॉलच्या रेघा वाढत चालल्या आहेत. पिकलबॉल खेळणाऱ्यांवर माझा राग नाही, पण टेनिसची जागा त्यातून कमी होते हे खरं. म्हणून मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून, किटबॅग डब्यातल्या बायकांच्या पायांत येणार नाही अशी धरून, निधीच्या मदतीने चालणाऱ्या कोर्टांवर येते. तिथे यंदापासून शुल्क माणशी झालंय. एकेरीच्या सरावाला दोघींचे पैसे, दुहेरीच्या सरावाला चौघींचे, कोर्ट तेच, दिवे तेच, वेळ तोच. दुहेरीचा सराव चौघींशिवाय होतच नाही. परिणाम असा की मुली दोघी-दोघी येतात आणि दुहेरी शिकायची राहून जाते.

आणि निधीच्या वार्षिक स्पर्धेतून या वर्षी दुहेरी काढून टाकली. वेळ वाचवण्यासाठी, असं सूचना फलकावर लिहिलं होतं. लहान गावांतून आलेल्या मुलींना दुहेरीचे सामने खेळायला मिळायचे ते अशाच स्पर्धांत. एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलेली मुलगी दुपारी दुहेरीत उतरायची, नेटजवळ जायला घाबरायची आणि हळूहळू घाबरेनाशी व्हायची. मी स्वतः तशीच शिकले, ठाण्यातल्या एका छोट्या स्पर्धेत. ज्या बाईंनी मला नेटवर उभं राहायला शिकवलं त्यांनी एकेरीतला माझा एकही सामना पाहिला नव्हता.

एका मुद्द्यावर आपल्याशी मी सहमत आहे. सोळा-सतरा वर्षांखालच्या मुलांनी एकेरी खेळलीच पाहिजे. पाय, दम, एकटीने सामना वाचवायची सवय त्यातून येते आणि दुहेरीतही ती लागते. माझ्या विद्यार्थिनींना मी एकेरी सोडू देत नाही. म्हणून ज्युनिअर गटात एकेरीला झुकतं माप दिलंत तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती अठरा वर्षांनंतर, व्यावसायिक झाल्यावरही तीच फूटपट्टी लावण्याला. एकेरीच्या खेळाडूंची मदत कापून आम्हाला द्या, असंही मी म्हणत नाही. त्यांचीही ओढाताण मला माहीत आहे, त्यांच्यातल्या कितीतरी जणींबरोबर मी खोली वाटून राहिले आहे. अर्ज एकाच रांगेत येऊ द्या आणि खेळ पाहून ठरवा, एवढंच.

माझ्या मागण्या अशा:

1. 'केवळ एकेरीची क्रमवारी' ही ओळ काढावी. अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठी एकेरी किंवा दुहेरी, यातली चांगली असेल ती क्रमवारी ग्राह्य धरावी.

2. दुहेरीच्या खेळाडूला मदत वैयक्तिक द्यावी. जोडीदार कुठला आहे, हे विचारू नये.

3. दुहेरीसाठी 23 वर्षांची मर्यादा रद्द करावी. वयाऐवजी मागच्या दोन वर्षांतली कामगिरी पाहावी.

4. मंजूर रकमेचा निम्मा भाग दौऱ्याआधी द्यावा. स्पर्धा बदलल्यास नव्या स्पर्धेची प्रवेशयादी आणि निकाल जोडला की परतावा मिळावा.

5. निधीच्या कोर्टांवर शुल्क माणशी न घेता कोर्टाच्या तासावर घ्यावं, आणि आठवड्यातून काही वेळ दुहेरीच्या सरावासाठी राखून ठेवावा.

6. वार्षिक स्पर्धेत मुलींची आणि मुलांची दुहेरी पुन्हा सुरू करावी. वेळ कमी असेल तर एकच सेट ठेवा आणि त्यात बरोबरी झाली तर दहा गुणांचा टायब्रेक, पण स्पर्धा होऊ द्या.

7. टेनिसच्या अर्जांच्या मुलाखतीत व्यावसायिक टेनिस खेळलेली किमान एक व्यक्ती बसवावी.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना एक पैसाही जादा लागत नाही. निधीची रक्कम तेवढीच राहते, फक्त रांगेत उभं राहायचा हक्क मिळतो. पाचवीने उत्पन्न थोडं कमी होईल, त्यावर आपण दुसरा मार्ग सुचवलात तर मी ऐकून घेईन. सातवीसाठी कोणी मिळत नसेल तर मुंबई-पुण्यात निवृत्त खेळाडू पुष्कळ आहेत, बोलावलं तर येतील. पण पहिली मागणी मी सोडणार नाही.

नव्या अर्जांची मुदत संपण्याआधी या मागण्यांवर बैठक घ्यावी आणि निर्णय लेखी कळवावा, कारणांसह. नकार असेल तरी कारणं लिहा, म्हणजे त्यांवर बोलता येईल. बैठकीला बोलावलंत तर माझी दोन वर्षांची क्रमवारी, स्पर्धांचे निकाल आणि खर्चाचे कागद घेऊन येईन. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलींचे पालकही येतील, त्यांनी तसं सांगितलं आहे. कोर्टावर येऊन दुहेरीचा एक सराव पाहायची आपली तयारी असेल तर त्याहून चांगलं. सकाळी साडेसहाला आम्ही चौघी तिथे असतो.

आपली नम्र,
ठाण्यातील एक दुहेरी टेनिसपटू